वाणात दिलेले मासे

राज्याची वाटणी झाली तेव्हा कर्मचाऱ्यांचीही झाली. भाऊ वेगळे होताना भांडी वाटतात, तशी. माझा नवरा तोवर भोपाळच्या एका खात्यात निवांत फायली सरकवत होता. तो छत्तीसगडच्या वाट्याला आला, आणि त्याच्याबरोबर मी, गॅस, गाद्या आणि भोपाळमध्येही न चालणारा एक टेबलफॅन.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि ते त्याच्या अंगात आलं होतं. दुकानांच्या पाट्यांवर जिकडेतिकडे 'राजधानी' चढलं होतं, अगदी न्हाव्याच्या टपरीवरसुद्धा. सचिवालय एका जुन्या इस्पितळाच्या इमारतीत भरायचं. नवं रायपूर अजून नकाशातच होतं. पाहुणा आला की नवरा त्याला स्कूटरवर बसवून तेलीबांध्याचं तळं ओलांडून पुढे न्यायचा आणि शेतं दाखवून म्हणायचा, "इथं मंत्रालय होणार." पाहुणा समोरच्या म्हशींकडे बघून मान डोलवायचा.

शंकर नगरात आम्हाला सरकारी क्वार्टर मिळालं आणि मला जवळच्याच एका बँकेत बदली. मग नवरा अमरावतीला जाऊन त्याच्या आईला घेऊन आला. मीही त्यांना आईच म्हणते. सासरे गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. आई येताना एक ट्रंक, एक सुपारीचा अडकित्ता आणि भरपूर नाराजी घेऊन आल्या. रायपूरचं पाणी जड, भाजी पाणचट, आणि शेजारणी दार लावून बसणाऱ्या, असा निकाल त्यांनी पहिल्याच आठवड्यात देऊन टाकला. शेजारणींबद्दलचा खरा होता.

आईंचं दुखणं काय होतं ते मला संक्रांतीला कळलं. अमरावतीला त्यांच्या हळदीकुंकवाला अख्खी गल्ली लोटायची. चपला इतक्या साचायच्या की जाताना बायका एकमेकींच्या घालून जायच्या आणि ती भांडणं होळीपर्यंत पुरायची. वाण काय द्यायचं हे आई दिवाळीतच ठरवायच्या आणि सासऱ्यांनाही सांगायच्या नाहीत. सासरे गेले आणि हे सगळं एका दिवसात बंद झालं. विधवेला हळदीकुंकू नाही. बोलावणं नाही आणि बोलावणंही करायचं नाही. ज्या बायका त्यांच्या घरचा तिळगूळ खाऊन जाड झाल्या, त्या पुढच्या संक्रांतीला त्यांच्या दारावरून मान खाली घालून गेल्या.

रायपूरच्या पहिल्या संक्रांतीला मी हळदीकुंकू ठेवलं ते आईंनी टुमणं लावलं म्हणून. माझा त्या कुंकवावर विश्वास शून्य. पण तयारी सगळी त्यांची. लाडू त्यांनी वळले, हॉलमध्ये सतरंजी त्यांनी घातली, आणि बायकांची चाहूल लागताच त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि पडदा ओढला.

"बाहेर या ना," मी आत जाऊन म्हटलं. "माझं घर आहे, मी बोलावतेय."

"मले चालत नाही."

"कोण म्हणतं?"

"कोणी म्हणाची वाट काहून पाहाची?"

"मग हे सगळं कशाला करायला लावलंत?"

त्या लाडवांच्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "मले कुंकवाचं काही वाटत नाही, बाई. मले बायका पाहिजे."

मग मी बाहेर हळदीकुंकू लावत होते आणि त्या पडद्याच्या फटीतून बघत होत्या. बायका गेल्यावर कुणाची साडी कशी, कुणाचा ब्लाऊज उसवलेला, कुणी तिळगूळ पर्समध्ये टाकला, हे सगळं त्यांनी मला सांगितलं. मला इतका संताप आला की मी त्या रात्री जेवले नाही. संताप कुणावर हे नवऱ्याला कळेना, म्हणून तोही जेवला नाही.

त्या हळदीकुंकवाला मोठ्या काकू आल्या होत्या. आमच्या भागातल्या मराठी बायकांमध्ये त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर रायपूरला आले होते, आणि ते मागच्या गुरुवारी आल्यासारखं त्या सांगायच्या. आम्ही विदर्भातून नोकरीपायी आलेले म्हणजे त्यांच्या लेखी भाडेकरू. मराठी बोलताना त्यांना पावलोपावली हिंदीचा टेकू लागायचा, पण आमचं मराठी त्यांना गावठी वाटायचं. त्यांनी माझ्या हॉलवर नजर फिरवली, मी वाण म्हणून दिलेली चहाची गाळणी उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, "अच्छी है. हमारे यहां कामवाली को ऐसीच दिली होती."

मासे आले त्याच उन्हाळ्यात. राजधानीत तेव्हा साहेब लोकांच्या दिवाणखान्यात काचेची मासेपेटी ठेवायची साथ आली होती. नवऱ्याच्या साहेबाकडे पलंगाएवढी होती. नवऱ्याने आपल्या पायरीला शोभेल अशी, टीव्हीएवढी आणली. आमच्या घरात त्याआधी मासा कधी आला नव्हता, तळलेलाही नाही. त्यामुळे त्या दिवशी आईंनी देवांवर कापड टाकलं.

मासे म्हणजे किती, तर उदबत्तीच्या तुकड्याएवढे. अंगावर निळी चकाकती रेघ आणि खाली लाल. दुकानदार त्यांना निऑन म्हणायचा. ते सगळे मिळून एकच काम करायचे. एक वळला की सगळे वळायचे, एक घाबरला की सगळे घाबरायचे, आणि कोण आधी घाबरला ते कळायचं नाही. नवरा म्हणाला, आमच्या सचिवालयात असंच चालतं.

आईंनी दोन-तीन दिवस पेटीकडे पाठ केली. मग खुर्ची तिरकी झाली. मग सरळ झाली. आठवडाभराने मी बँकेतून आले तर त्या पेटीपुढे बसून माशांना रागावत होत्या.

"तो मागचा पोट्टा पाहा. सगळे खाऊन राहिले आणि हा कोपऱ्यात. अरे, ये ना पुढं! तुले का पत्रिका पाठवू?"

पुढे सगळं त्यांच्या ताब्यात गेलं. नळाचं पाणी एक दिवस बादलीत निवू द्यायचं, मग थोडं थोडं बदलायचं. खाणं चिमटीने. संकष्टीला माशांना उपास. नवरा यावर चिडला आणि दुकानदाराकडे तक्रार घेऊन गेला. दुकानदार म्हणाला, "साहब, मधूनमधून एक दिन का उपवास मछली के लिए अच्छाच है." आईंनी हा विजय पुढे महिनाभर वापरला.

मासे पकडायची कला त्यांना एकट्यांनाच जमली. पेटी पूर्ण धुवायची तर मासे छोट्या जाळीने काढून बादलीत सोडावे लागत. नवरा जाळी घेऊन पाठलाग करायचा. मासे साहेबांच्या फायलींसारखे त्याच्या हाताला लागायचे नाहीत, आणि सोफा तेवढा भिजायचा. मी केलं तर फरशी. आई जाळी कोपऱ्यात धरून स्वस्थ उभ्या राहायच्या आणि दुसऱ्या हाताची बोटं पाण्यात हळूच हलवायच्या. मासे आपण होऊन जाळीत यायचे. "पयत्याच्या मागं धावू नये," त्या म्हणायच्या. "त्याले जागा दाखवाची."

दिवाळीत त्यांनी जाहीर केलं, "यंदा वाण मी ठरवीन."

"ठरवा. गाळणी नको म्हणजे झालं."

"मासे द्यायचे."

मला हसू आवरेना. आई हसल्या नाहीत. प्रत्येकीला एक मासा, पाण्याच्या पिशवीत. असं वाण रायपुरात कुणी दिलं नसेल, अमरावतीत तर नाहीच नाही. मी विचार केला, म्हातारीची हौस आहे, होऊ दे. शिवाय मोठ्या काकूंचं तोंड बघायला मिळणार होतं. संक्रांतीच्या आधी नवरा दुकानातून आणखी मासे घेऊन आला आणि पेटी निळ्या-लाल रेघांनी गच्च भरली.

"दुकानदाराकडूनच पिशव्या बांधून आणू," मी म्हटलं.

"पिशवीत घालून ठेवले तं गुदमरतील. बाया आल्यावर काढायचे, ताजे ताजे."

"काढणार कोण?"

आई सुपारी कातरत होत्या. अडकित्ता थांबला नाही. "पाहू," त्या म्हणाल्या. मला तेव्हाही कळलं नाही, आणि मी स्वतःला हुशार समजत होते.

हळदीकुंकवाच्या दिवशी हॉल भरला. मोठ्या काकू मोरपंखी शालूत मधल्या खुर्चीवर. आजूबाजूच्या मराठी बायका. वरच्या मजल्यावरची छत्तीसगढी दीदी, जिला मी मुद्दाम बोलावलं होतं कारण तिला सगळ्याच सणांचं कौतुक होतं. मी सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाण काय ते सांगितलं. बायका पेटीकडे धावल्या. दीदी काचेला नाक लावून म्हणाली, "अतेक नान मछरी ला कइसे रांधबो ओ?" एवढ्याशा माशाची भाजी कशी करायची, हा तिचा प्रश्न होता. मी तिला शिजवायचे नाहीत असं समजावलं. ती नाराज झाली.

आणि तेवढ्यात पडदा सरकला. आई पदर खोचून, हातात जाळी आणि पिशव्यांचा जुडगा घेऊन हॉलमध्ये आल्या.

आईंनी कुणाकडे पाहिलं नाही. सरळ पेटीपाशी गेल्या आणि झाकण काढलं.

मोठ्या काकूंनी घसा साफ केला. "देखो, बुरा मत मानना. पण वाण तर सवाष्णीच्या हातानेच देतात ना?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी तोंड उघडणार, एवढ्यात आई पाण्यात हात घालत म्हणाल्या, "मी कुठं वाण देऊन राहिली? मी मासे पकडून राहिली. वाण सूनबाई देते."

"तर मासे पण बहूलाच पकडू दे."

"पकड वो," असं म्हणत आईंनी जाळी माझ्या हातात दिली आणि बाजूला झाल्या.

मी मनापासून प्रयत्न केला. तो कसा झाला हे सांगण्यात अर्थ नाही. मोठ्या काकूंचा शालू गुडघ्यापर्यंत भिजला, एक मासा तिळगुळाच्या ताटात पडला, आणि तो आईंनी अलगद उचलून पाण्यात सोडला. मग काकूंनी खुर्ची मागे घेतली आणि हाताने खूण केली की चालू द्या.

आईंनी जाळी कोपऱ्यात धरली. एकेक मासा आत आला, एकेक पिशवी भरली, प्रत्येक पिशवी माझ्या हातात आली आणि माझ्या हातून बाईच्या ओटीत गेली. सगळं नियमानुसार. दोन तास आई हॉलच्या मधोमध उभ्या होत्या आणि बायका त्यांच्याभोवती. हा किती दिवस जगतो, हा नर की मादी, खायला काय घालू, असे सगळे प्रश्न त्यांना. मला कुणी काही विचारलं नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की यंदाचं वाण मासे का होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण गालात हसल्या.

दुसऱ्या दिवशी फोन सुरू झाले.

"तुमचा मासा पांढरा पडून राहिला वो."

"आमचा तळाशी बसलाय. हलतच नाही."

"वहिनी, मासा खात नाही आणि इकडे ह्यांनाही सकाळपासून सर्दी आहे."

या शेवटच्या फोनने माझी झोप उडाली. सौभाग्याचं वाण कोमेजलं तर नवऱ्याचं काय होणार, हा विचार एकीला सुचला म्हणजे सगळ्यांना सुचणार होता. त्यांचंही त्या माशांसारखंच होतं. नवऱ्याला विचारलं तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, "हां, दुकानदार म्हणाला होता. ये झुंड की मछली है, अकेली मत रखना. मिळून सात-आठ तरी पाहिजेत, नाही तर भीतीनेच मरते."

"कधी म्हणाला होता?"

"पेटी घेतली तेव्हाच."

सचिवालयातल्या माणसाजवळ सूचना आली की ती तिथेच राहते. आई ते ऐकून मटकन खाली बसल्या. "मी त्यायले एकटं पाडलं," एवढंच म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. मला नवऱ्याच्या डोक्यात पेटी घालावीशी वाटली.

मग बायका आल्या. लोणच्याच्या बरणीत, स्टीलच्या डब्यात, फुलदाणीत, एकीने तर बाळाच्या दुधाच्या बाटलीत मासा आणला होता. पण आणला तरी द्यायचा कसा? दिलेलं वाण कुणी परत करत नाही, तो अपशकुन. ठेवला तर मरतो, परत केला तर त्याहून वाईट. बायका बरण्या मांडीवर घेऊन आमच्या सोफ्यावर बसल्या. मोठ्या काकू सगळ्यात शेवटी आल्या. त्यांचा मासा काचेच्या नक्षीदार भांड्यात होता आणि त्याच्या अंगावर रंग म्हणून उरला नव्हता.

आईच म्हणाल्या, "परत कोण करून राहिलं? मासा तुमचाच. राहील इथं. माहेरवाशीण नाही का राहात? तुमी येऊन पाहत जा."

मोठ्या काकूंनी यावर बराच विचार केला. भोसल्यांच्या काळात असा प्रसंग आला नसावा. "हां," शेवटी त्या म्हणाल्या. "असं चलेल."

दोन-चार मासे बायकांची पाठ वळताच पेटीत गेले. ते आईंनी कुणाला कळू न देता दुकानातून भरून काढले, त्यामुळे कुणाचाच मासा मेला नाही. बाकीचे संध्याकाळपर्यंत रंगावर आले. आणि शनिवारी दुपारी बायका आपापला मासा बघायला येऊ लागल्या. सगळे मासे एकासारखे एक, पण प्रत्येकीला आपला ओळखू यायचा. तो सगळ्यात गुबगुबीत असायचा. "माझा बघा कसा पुढे आहे," असं मोठ्या काकू म्हणायच्या, आणि त्या म्हणत असतानाच अख्खा घोळका वळून मागचा पुढे यायचा. दीदी वरून भजी घेऊन यायची आणि माशांकडे अजूनही आशेने बघायची.

मला सुट्टीला झोपायची सोय उरली नाही. सोफ्याची कव्हरं महिन्याला धुवावी लागायची. मोठ्या काकू माझ्या चहाला नावं ठेवायच्या आणि दोन कप प्यायच्या. पण मधल्या खुर्चीवर आता आई असायच्या, आणि शनिवारी सकाळपासून गाणं गुणगुणायच्या. रायपूरचं पाणी हलकं झालं होतं.

पावसाळ्यात मोठ्या काकूंचे यजमान वारले. म्हातारे होते, आजारी होते, दोनदा इस्पितळातून परत आले होते. काकू यायच्या बंद झाल्या. तेराव्यानंतर हळूहळू इतर बायकाही कमी झाल्या. आधी मला वाटलं पाऊस. मग भाजीच्या ठेल्याशी दोघी बोलत होत्या ते माझ्या कानावर आलं. विधवेच्या हाताचं वाण घेतलं, काकूंना ते भोवलं. पिशवी माझ्या हातून दिली होती हे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मी तिथेच भाजीची पिशवी आपटली आणि त्या दोघींना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ठेल्यावरचा भैया वांगी झाकून ठेवायला लागला. पण घरी आले तर आईंना ते माझ्या आधीच कळलं होतं. त्या पेटीपुढे बसल्या होत्या.

"लोकं काहीही बोलतात," मी म्हटलं.

"पण काकू काय म्हणतात?"

"मला काय माहीत?"

"त्या म्हणत असतील तं खरं असंल," आई म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी काकूंना एकदाही फोन केला नाही, आणि काकूंचाही आला नाही.

पुढची संक्रांत आली. मला हळदीकुंकू ठेवायचंच नव्हतं, पण आईंनी ऐकलं नाही. ठेवलं नाही तर लोकांचं खरं ठरेल, म्हणाल्या. वाण म्हणून पितळेचं निरांजन. त्याला पकडायला कुणी लागत नाही. त्या दिवशी आईंनी लाडू वळले, सतरंजी घातली, आणि बायका येण्याच्या कितीतरी आधीच स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. यंदा पडदा त्यांनी पिनेने लावून टाकला, फटसुद्धा ठेवली नाही. ती पिन बघून मला रडू आलं.

बायका मोजक्याच आल्या. मी दात-ओठ खात हळदीकुंकू लावत होते, तेवढ्यात मागचं दार वाजल्यासारखं वाटलं. क्वार्टरच्या मागे भांडी घासायची मोरी, तिथून कोण येणार? मी आत गेले. मागच्या दारात मोठ्या काकू उभ्या होत्या. पांढरट साडी, रिकामं कपाळ. मला त्यांना ओळखायला क्षणभर वेळ लागला.

आई उठून उभ्या राहिल्या.

"आमच्या घरी पण आज हळदीकुंकू आहे," काकू म्हणाल्या. "बहूने ठेवलं. मला अंदर के कमरे में बसवलं. मग विचार केला, आतच बसायचं आहे, तर तुमच्याकडे आत बसू."

असं म्हणून त्या ओट्याला टेकून पाटावर बसल्या. गुडघे दुखत होते ते चेहऱ्यावर दिसलं. मग आईंकडे न बघता म्हणाल्या, "लोग क्या बोलते, ते मीही ऐकलं. अहो, आमच्या ह्यांनी डॉक्टरचं नाही ऐकलं जिंदगीभर, मिठाई खात राहिले. माशाचं काय ऐकणार होते?"

आई हसल्या नाहीत. पुढे होऊन त्यांनी काकूंचं मनगट धरलं.

"उठा."

"कुठे?"

"बाहेर."

"नाही हो, मला नाही चलत."

"कोणाले नाही चालत? मले चालते. उठा म्हणते ना!"

पिन काढायला आई थांबल्या नाहीत. पडदा एका बाजूने फाटला. काकूंना ओढत त्यांनी हॉलमध्ये आणलं, मधल्या खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाल्या, "लाव हिले."

बायकांमधल्या दोघी उठल्या आणि चपला शोधायला लागल्या. दीदीच तेवढी म्हणाली, "हव, लगा दे बहू." माझा कुंकवावर विश्वास नव्हता, तरी मी इतकी मोठी चिमूट घेतली की कुंकू काकूंच्या नाकावर सांडलं. मी हळद लावली, मग कुंकू. काकूंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. उघडले तेव्हा त्यांनी माझ्या हातातला करंडा घेतला, आईंना खाली वाकायची खूण केली, आणि त्यांच्या कपाळावर अंगठ्याने कुंकू टेकवलं. चांगलं मोठं, वाकडं.

आई तशाच वाकून उभ्या राहिल्या. मग ताठ झाल्या, डोळे पुसले, आणि तिळगुळाचं ताट स्वतः उचलून बायकांमध्ये फिरू लागल्या. चपला शोधणाऱ्या दोघींपैकी एक गेली. दुसरी परत येऊन बसली.

त्या दिवशी बायकांना पोचवायला दारापर्यंत आई गेल्या. मी आत कपबशा विसळत होते, आणि फाटलेल्या पडद्यातून त्यांचा आवाज ऐकू येत होता. प्रत्येकीला त्या सांगत होत्या, "शनिवारी ये."